नाडी आणि नाडीव्रण : न भरणाऱ्या जखमेचा इतिहास

१/ १९४५ साली अमेरिकेतील 'आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी' या नियतकालिकात मुंबईच्या परळहून गेलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई. भारतात आढळणाऱ्या कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांची नोंद त्यात होती. त्यांपैकी एकाचे नाव वाचून तिकडचा वाचक बुचकळ्यात पडला असेल : 'धोती कॅन्सर'. म्हणजे धोतर नेसल्याने होणारा कर्करोग.

२/ आजचा धागा या निबंधापासून सुरू होतो आणि थोड्या संकोचाच्या विषयाकडे जातो. माकडहाडाजवळ होणारा, वर्षानुवर्षे वाहत राहणारा आणि फार क्वचित कर्करोगात बदलणारा नासूर हा तो विषय. असे दुखणे डॉक्टरला दाखवायला लोक लाजतात. ही लाज या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटेल, म्हणून आपण तरी ती सुरुवातीलाच बाजूला ठेवू.

३/ आधी एक शब्द. मराठीत 'नाडी' म्हणजे मनगटावर लागणारा ठोका, आणि परकराची किंवा लेंग्याची दोरीही नाडीच. संस्कृत वैद्यकात नाडी म्हणजे नळी. जो व्रण वरून लहान दिसतो पण आत नळीसारखा पोखरत जातो, तो 'नाडीव्रण'. या धाग्यात कमरेवरची नाडी आणि कमरेखालचा नाडीव्रण अशा दोन्ही नाड्या येणार आहेत. दोघींचा शेवट, दुर्दैवाने, कधीकधी एकच होतो.

४/ धोतराचा कर्करोग होतो कसा? धोतर कमरेला रोज एकाच जागी घट्ट आवळले जाते. उन्हात राबणाऱ्या माणसाचा घाम त्या पट्ट्यात साचतो, त्यात धूळ मिसळते आणि कापड कातडीवर घासत राहते. आधी त्वचा काळवंडते किंवा तिचा रंग उडून पांढरट चट्टा येतो. मग ती जाड होते, तिला खवले येतात, भेग पडते. भेगेचा व्रण होतो. तो भरतो, पुन्हा फुटतो. असे काही दशके चालल्यावर एखाद्या माणसात त्या व्रणाची कड उचलली जाते, टणक होते आणि व्रण भरायचा कायमचा थांबतो.

५/ खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचे, पण डॉक्टरांचा जन्म १८९५ साली पार क्वेट्ट्याला झाला. वैद्यकाचे शिक्षण लंडन विद्यापीठात. १९२३ मध्ये विकृतिशास्त्रातील, म्हणजे पॅथॉलॉजीतील, एम. डी. पदवी घेऊन ते परतले आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज व सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज येथे शिकवू लागले. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेचे अध्यक्षपद, भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालकपद आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांच्याकडे आले. इतके असूनही मराठी मुलांच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव सहसा भेटत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

६/ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते. तसे उपचार इथल्या माणसाला इथेच मिळावेत, हा रुग्णालयामागचा हेतू. प्रयोगशाळांची सूत्रे खानोलकरांकडे आली. कर्करोग हा पाश्चात्त्य राहणीचा रोग असून भारतात तो फारसा नाही, ही समजूत तेव्हा डॉक्टरांतही रूढ होती. परळच्या प्रयोगशाळेत येणारे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळेच सांगत होते.

७/ १९४५ च्या निबंधाचे शीर्षकच बोलके आहे : कर्करोगाचा संबंध त्यात लोकांच्या चालीरीतींशी, वहिवाटीशी जोडला आहे. धोतराखेरीज दुसरा प्रकार होता चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा जळते टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत होती, त्यातून टाळूचा कर्करोग होई. तिसरा खैनीचा, ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये तंबाखू-चुना दाबून ठेवल्याने होणारा. म्हणजे सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या माणसाने पेशींइतकेच लक्ष रुग्णाच्या नेसण्याकडे आणि तोंडातल्या तोबऱ्याकडे दिले. मला या निबंधाचे मोठेपण इथे दिसते.

८/ ही पद्धत त्यांनी शून्यातून उभी केली नव्हती. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणाच्या कातडीवर होणारा कर्करोग काजळीशी जोडला होता. लहान वयात अरुंद धुराड्यात उतरवलेली ही पोरे. काजळी कातडीच्या घडीत बसे आणि रोग वीस-पंचवीस वर्षांनी वर येई. व्यवसाय आणि कर्करोग यांची ही पहिली नीट सांगितलेली सांगड मानतात.

९/ आपल्याकडची त्याहून जवळची गोष्ट काश्मीरची. थंडीत फिरनच्या आत, पोटाशी किंवा मांड्यांत, निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याची तिथली रीत. १८६६ साली डॉ. एल्मस्ली या मिशनरी डॉक्टरांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिले की पोटाच्या आणि मांडीच्या कातडीचा कर्करोग तिथे वारंवार दिसतो, आणि तो नेमका कांगडीने भाजलेल्या जागी होतो. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयात नेव्ह बंधूंनी असे शेकडो रुग्ण शस्त्रक्रियेने हाताळले. खानोलकरांच्या 'धोती कॅन्सर'चा हा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही.

१०/ युरोपात याच काळात रुडॉल्फ व्हिरशाव यांनी सिद्धान्त मांडला होता की दीर्घकाळचा क्षोभ, सतत होणारी इजा, हे कर्करोगाचे मूळ आहे. प्रयोगाने दाखवले ते जपान्यांनी. १९१५ साली टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळले आणि कर्करोग उत्पन्न केला. व्हिरशावचा सिद्धान्त सर्वच कर्करोगांना लागू पडला नाही. पण त्वचेच्या जुन्या, न भरणाऱ्या जखमेपुरता तो आजही टिकून आहे.

११/ अशा जखमेला वैद्यकात 'मार्जोलिनचा व्रण' म्हणतात. ज्याँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ मध्ये जुन्या वणांवर उगवणाऱ्या चामखिळीसारख्या व्रणांचे वर्णन केले. गंमत अशी की तो कर्करोग आहे असे त्याने ठामपणे म्हटलेच नव्हते. नाव त्याचे लागले ते १९०३ मध्ये, डा कोस्टा या अमेरिकी शल्यविशारदामुळे. आज भाजल्याचा जुना वण, हाडातून वर्षानुवर्षे वाहणारा पू, पायाचा न भरणारा व्रण, यांपैकी कशावरही स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा, कर्करोग उद्भवला की तो मार्जोलिनचा व्रण.

१२/ हे घडते का? जखम भरायची तर कडेच्या पेशींना सतत विभागावे लागते. महिनाभर ठीक, पण वीस वर्षे विभागत राहिल्या तर प्रत्येक विभाजनात चूक होण्याची एक संधी मिळते. भोवतालचा दाह त्यांच्या गुणसूत्रांना इजा करीत राहतो. शिवाय जुना वण म्हणजे टणक, रक्तवाहिन्या कमी असलेली जागा. शरीराचे पहारेकरी तिथे नीट पोहोचत नाहीत. बिघडलेली पेशी त्या कोपऱ्यात निवांत वाढते, आणि एकदा वणाची भिंत ओलांडली की तिचा प्रसार साध्या त्वचाकर्करोगापेक्षा वेगाने होऊ शकतो.

१३/ आता नितंबांमधल्या घळीकडे येऊ. तिथे, माकडहाडाच्या किंचित वर, काही तरुणांना एक बारीक छिद्र पडते. आत केसांचा पुंजका, भोवती पू, कधी गळू. ते फुटते, वाहते, बंद होते आणि काही महिन्यांनी पुन्हा फुटते. याला 'पायलोनायडल सायनस' म्हणतात. दाट केस, बैठे काम, घाम आणि तारुण्य ही त्याची नेहमीची सोबत. वाहनचालकांना, तासन्‌तास बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांना तो होतो. हा धागा वाचणाऱ्यांच्या वयातलाच हा आजार आहे.

१४/ सुश्रुतसंहितेत नाडीव्रणाचे प्रकार सांगताना एक प्रकार शल्यामुळे होणारा, म्हणजे आत अडकलेल्या वस्तूमुळे होणारा, असा दिला आहे. तेवढ्यावर थांबले असते तर विशेष नव्हते. पण शल्याची व्याख्या करताना सुश्रुत बाण-काटे अशा बाहेरच्या शल्यांबरोबर शरीरातूनच उपजणारी शल्ये सांगतो, आणि त्यात केस आणि नखे यांचा उल्लेख करतो. केस हेही शरीरात रुतणारे शल्य असू शकते ही कल्पना पायलोनायडल सायनसला इतकी चपखल लागू पडते की आजचे आयुर्वेदाचे अभ्यासक त्याला शल्यज नाडीव्रणच म्हणतात. सुश्रुताने हाच आजार पाहिला होता असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. उत्साहात तेवढी उडी घेऊ नये.

१५/ आधुनिक नोंदी १८३३ पासूनच्या. इंग्लंडच्या हर्बर्ट मेयोने एका स्त्रीच्या या भागातील केस असलेल्या नासुराचे वर्णन केले. १८४७ मध्ये ए. डब्ल्यू. अँडरसन याने बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून व्रणातून केस काढल्याची हकिकत कळवली. १८८० मध्ये बोस्टनच्याच आर. एम. हॉजेस याने लॅटिनमधले दोन शब्द जोडून नाव दिले : 'पायलस' म्हणजे केस, 'नायडस' म्हणजे घरटे. केसांचे घरटे. नाव सुंदर आहे, आजार तसा नाही.

१६/ मग दुसरे महायुद्ध आले आणि या दुर्लक्षित आजाराला एकदम लष्करी महत्त्व प्राप्त झाले. खडबडीत रस्त्यांवर जीपमधून दिवसभर हादरे खाणारे अमेरिकी सैनिक इतक्या संख्येने नासूर घेऊन येऊ लागले की १९४४ मध्ये लुई ब्यूई या डॉक्टरने त्याला 'जीप डिसीज' म्हटले. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकी सैन्यातील पाऊण लाखाहून अधिक सैनिक या एका कारणासाठी रुग्णालयात दाखल झाले. प्रत्येकी सरासरी मुक्काम जवळपास दोन महिने. शत्रूची एकही गोळी न लागता एवढी माणसे खाटेवर!

१७/ मुक्काम एवढा लांबण्यामागे त्या काळची समजूत होती. हा जन्मजात दोष आहे, गर्भावस्थेत राहून गेलेल्या पेशींतून तो उद्भवतो, असे शल्यविशारद मानत. दोष जन्मजात, तर तो मुळासकट उपटला पाहिजे. म्हणून हाडापर्यंत मोठा खड्डा करून सारे काढून टाकायचे आणि तो खड्डा महिनोन्‌महिने पट्ट्या बदलत भरायचा. इतके करून नासूर पुन्हा उगवे तो उगवेच.

१८/ ही समजूत हलवली ती न्हाव्यांनी. १९४६ साली लंडनच्या पेटी आणि स्कार्फ यांनी एका न्हाव्याच्या बोटांमधल्या बेचक्यात झालेल्या तशाच नासुराकडे लक्ष वेधले. आत केस होते, आणि ते गिऱ्हाइकांचे! दुसऱ्याचे केस काही कोणी जन्मतः हातात घेऊन येत नाही. तेव्हा केस बाहेरून आत शिरतात हे उघड झाले. केसाच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. त्यामुळे तो गव्हाच्या कुसळासारखा एकाच दिशेने सरकतो; आत जातो, मागे येत नाही. शेतात वावरलेल्या कोणालाही ही यंत्रणा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९/ केस बाहेरून येतो म्हटल्यावर उपचारही बदलले. ग्रीक लष्करी शल्यविशारद कारिडाकिस यांनी १९७३ मध्ये, जखमेची शिवण घळीच्या मध्यावरून एका बाजूला सरकवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या बॅस्कॉम यांनी लहान छेदांवर भर दिला. रशियाच्या लिंबर्ग यांची समभुज चौकोनी त्वचेचा तुकडा फिरवून बसवण्याची पद्धत आज आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत चालते. आणि जागा स्वच्छ व केसविरहित ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. साध्या नासुरासाठी शस्त्रक्रिया दशकागणिक लहान होत गेली.

२०/ आता मूळ मुद्दा. १९०० साली वोल्फ या जर्मन डॉक्टरने अशाच जुन्या नासुरात कर्करोग झाल्याची पहिली नोंद केली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत जगभरच्या वैद्यकीय साहित्यात नोंदलेले असे रुग्ण शंभर-दीडशेच्या घरात आहेत. हजार रुग्णांत फार तर एक, असा अंदाज दिला जातो. तेव्हा हा धागा वाचून कोणी रात्रीची झोप घालवू नये. ज्यांना झाला त्यांच्यात पुरुष फार अधिक, वय पन्नाशीच्या आसपास, आणि नासूर सरासरी वीस वर्षांहून जुना. दाह, पू, पुन्हा भरणे, पुन्हा फुटणे : धोतराच्या पट्ट्यात जे बाहेरून घडते, ते इथे केसामुळे आतून घडते.

२१/ ओळखायचा कसा? व्रणाची कड वर उचललेली आणि टणक असते. कोबीच्या फुलासारखी मांसल वाढ दिसते. चटकन रक्त येते. वास बदलतो, वेदना वाढतात, आणि नेहमीच्या उपचाराने दोन-तीन महिन्यांत जे बरे व्हायला हवे ते होत नाही. अडचण अशी की वीस वर्षे पू पाहिलेल्या माणसाला यांतले काहीच नवे वाटत नाही. तो पुन्हा तेच मलम लावतो. निदान फक्त एका गोष्टीने होते : व्रणाच्या कडेचे लहान तुकडे काढून ते विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवणे, म्हणजे बायोप्सी.

२२/ आणि इथे इतिहास उलटा फिरतो. साध्या नासुरासाठी जी मोठी शस्त्रक्रिया चुकीची ठरली, ती कर्करोगासाठी आवश्यक ठरते. व्रण, त्याच्या साऱ्या नळ्या आणि भोवतालची पुरेशी निरोगी त्वचा, खाली त्रिकास्थीवरच्या आवरणापर्यंत, एकसंध काढावी लागते. मध्ये कापून तुकड्या-तुकड्याने नव्हे, कारण कापलेल्या कडेतून पेशी सांडतात. हाडात शिरकाव असेल तर माकडहाड आणि त्रिकास्थीचा भागही. शस्त्रक्रियेआधी एमआरआय करून खोली पाहतात. जांघेतल्या लसग्रंथी चाचपतात, कारण या भागातला कर्करोग आधी तिकडे जातो.

२३/ एवढा मोठा खड्डा भरायचा कसा? शेजारची त्वचा, चरबी आणि नितंबाचा स्नायू, रक्तपुरवठा न तोडता फिरवून त्यावर बसवतात. जिवंत देठावर त्वचा वळवण्याच्या या विद्येचा एक प्रसिद्ध प्रसंग आपल्या पुण्याजवळचा आहे. इंग्रजी फौजेबरोबर बैलगाडी हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. ही हकिकत चित्रासह १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि तिने तिकडच्या शल्यविशारदांना कामाला लावले.

२४/ शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा किरणोपचार देतात. त्याने रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण घटते असा अनुभव आहे. औषधोपचाराची, म्हणजे केमोथेरपीची, भूमिका मर्यादित. रुग्णच इतके थोडे की कोणता उपचार सरस हे ठरवायला मोठा तुलनात्मक अभ्यास होऊ शकत नाही. जुन्या नोंदींत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत रुग्णांत रोग उलटलेला दिसतो. निदानाच्या वेळीच जांघेतली ग्रंथी सुजलेली आणि बाधित असली तर भवितव्य बरेच कठीण होते. ग्रंथी बाधित होण्याआधी तुकडा तपासला गेला की नाही, यावर पुष्कळ काही ठरते.

२५/ क्षारसूत्राबद्दल कोणी विचारेलच. नाडीव्रणात आणि भगंदरात क्षार लावलेले सूत्र ओवण्याचा विधी सुश्रुतात आहे. विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले आणि भगंदरावर त्याच्या शास्त्रीय चाचण्याही झाल्या. साध्या नासुरावर ते वापरणारे कुशल वैद्य आहेत. परंतु दोऱ्याने नळी हळूहळू कापली जाते तेव्हा तपासायला हातात तुकडा उरत नाही. म्हणून दहा-वीस वर्षांचा नासूर असेल, त्याचे रूप बदलले असेल, तर कोणत्याही पद्धतीआधी बायोप्सी. शस्त्रक्रियेत काढलेला भागही प्रयोगशाळेत गेला पाहिजे. 'नासूरच तर आहे' म्हणून तो टाकून देणे ही जगभरच्या शल्यगृहांतली जुनी सवय आहे.

२६/ आता थोडे भूगोलाकडे, कारण उशिराला अंतरही कारण असते. रायगडावर जाताना आपल्यापैकी पुष्कळजण महाड तालुक्यातल्या वीर स्थानकावर उतरले असतील. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ च्या जूनमध्ये सुरू झाला. त्याआधी महाड-पोलादपूरकडच्या माणसाला मुंबई गाठायची तर घाटवळणांची एसटी, आणि त्याच्याही आधी सावित्रीवरच्या दासगाव बंदरातून गलबत. कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडातले, कितीतरी पुरुष परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला होते. टाटा रुग्णालय त्यांच्या चाळींच्या दाराशी उभे राहिले. गावी शेत सांभाळणारी त्यांची आई, त्यांची बायको मात्र त्यापासून पावणेदोनशे किलोमीटर दूर होती. कमरेला लुगडे आवळून भाताच्या खाचरात वाकणारी तीच होती.

२७/ याच महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती आणि मृत्यू नेमका कशाने होतो हे पुस्तकांत नीट नव्हते. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, घाम, श्वास टिपत राहिले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये आली, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने मृत्यूंचे प्रमाण खाली आणले. विंचवाचा आणि नासुराचा संबंध काही नाही. खानोलकरांनी परळला जे केले ते बिरवाडीतही होऊ शकते, एवढ्यासाठी हे सांगितले. मोठ्या यंत्राआधी समोरच्या माणसाला नीट पाहणे लागते.

२८/ धोतर मागे पडले, तसा धोतराचा कर्करोगही विरळ झाला. पण कमरेची नाडी गेली नाही. पुढच्या दशकांत मुंबईच्या डॉक्टरांनी 'साडी कॅन्सर' या नावाने स्त्रियांमधले तसेच व्रण नोंदवले. खरे तर साडी पाचवारी झाली आणि तिच्याखाली परकर आला, तेव्हा सारा भार एका अरुंद दोरीवर पडू लागला. धोतराचा किंवा नऊवारीचा पट्टा रुंद तरी असे.

२९/ नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. पहिली सत्तर वर्षांची. नऊवारीखाली परकर घट्ट बांधण्याची तिची जुनी सवय होती. उजव्या कुशीवर व्रण, भोवतालच्या त्वचेचा रंग उडालेला. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. चाळीस वर्षे रोज लुगडे, परकराशिवाय, थेट कमरेला आवळलेले. तिच्याही उजव्या बाजूलाच व्रण. दोघींची बायोप्सी झाली आणि दोघींचेही निदान एकच आले : मार्जोलिनचा व्रण. दुसरीच्या जांघेतल्या एका लसग्रंथीत कर्करोग पोहोचला होता.

३०/ लेखकांनी सुचवले की दोष साडीचा नसून घट्ट नाडीचा आहे, म्हणून याला 'पेटीकोट कॅन्सर' म्हणावे. सूचना योग्य दिशेची आहे. पण दुसरी स्त्री परकर घालतच नव्हती, त्यामुळे नवे नावही तिला लागू पडत नाही. जीप नसलेल्यांनाही 'जीप डिसीज' होत होता, आणि काही पायलोनायडल नासुरांत एकही केस सापडत नाही. नावे अशीच ठेवली जातात, जे हाताशी दिसेल त्यावरून. डॉक्टरांनी दिलेला सल्ला साधा होता : परकर सैल बांधावा, नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, त्वचेचा रंग बदलला तर दाखवावे. त्या दोघींचे व्रण तपासणीला येण्यापूर्वी, पहिलीचा दीड वर्ष आणि दुसरीचा दोन वर्षे, उघडे होते.